बातमीची सनद

इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्याच्या पदरात काय पडावे, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांचे उत्तर ‘सनावळ्या आणि राजांची नावे’ असेच येईल. परीक्षेपुरते ते खरेही आहे. परंतु इतिहासाचा गाभा सनावळ्यांत नाही. जे आपण डोळ्यांनी पाहिले नाही, त्याविषयी दुसऱ्याने सांगितलेले कितपत खरे मानावे हे ठरविण्याची रीत म्हणजे इतिहास. आजच्या मुलाला या रीतीची गरज त्याच्या आजोबांपेक्षा कितीतरी अधिक आहे. आजोबांपर्यंत दिवसाकाठी चार बातम्या पोहोचत. एखादी वर्तमानपत्रातून, एखादी आकाशवाणीवरून आणि उरलेल्या चावडीवरून. चावडीवरची बातमी कोणी आणली हे तरी ठाऊक असे. नातवाच्या हातातील मोबाईलवर तासाभरात शंभर बातम्या येतात आणि त्यांतील बहुतेकींचा जन्मदाता कोण, हे कोणालाच ठाऊक नसते.

‘सनद’ हा शब्द आपल्या वऱ्हाडात घरोघरी परिचित आहे. इनामाची सनद असते, वकिलाची सनद असते. सनद म्हणजे आधार. ज्याच्या बळावर माणूस आपला हक्क सांगतो तो कागद. हदीसशास्त्रात हाच शब्द आणखी एका नेमक्या अर्थाने येतो. एखादे वचन कोणी कोणाकडून ऐकले, त्याने ते कोणाकडून ऐकले, अशी मूळ वक्त्यापर्यंत जाणारी नावांची साखळी म्हणजे त्या वचनाची सनद. जमिनीला सनद लागते, वकिलाला सनद लागते, वचनाला सनद लागते. मग बातमीला का लागू नये, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सुरुवात आपल्या सातपुड्यापासूनच करता येईल.

अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात नरनाळा आणि अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ गाविलगड, हे दोन किल्ले आपल्या विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेले असतात. हे किल्ले कोणी बांधले, असे विचारले की तीन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर लोकांच्या तोंडचे. गाविलगड गवळी राजांनी बांधला, नरनाळ्याला कोणा राजपूत सरदाराचे नाव मिळाले, असे लोक सांगतात. दुसरे उत्तर ग्रंथाचे. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की, बहमनी सुलतान अहमदशाह वली १४२५ च्या सुमारास एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे मुक्कामाला होता. त्या काळात त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. तिसरे उत्तर दगडाचे. नरनाळ्याच्या सुंदर महाकाली दरवाजावर कोरीव लेख आहे. हा दरवाजा बहमनी सुलतान महमूदशाहाच्या कारकिर्दीत, १४८७ साली, फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क याने उभारला, असे त्यावरून कळते. हाच फतहुल्ला पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक झाला.

आता यांतील खरे कोणते मानावे? विद्यार्थी चटकन म्हणतात, ‘दगडावरचे.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. कोरीव लेख त्या काळचाच असतो, नंतर कोणी त्यात सहसा बदल करू शकत नाही, म्हणून त्याचे वजन मोठे. तथापि तो लेख ज्या दरवाजावर आहे, त्या दरवाजापुरतेच बोलतो. त्यावरून ‘नरनाळा किल्ला १४८७ साली बांधला’ असे कोणी लिहिले, तर लेख खरा असूनही विधान खोटे ठरेल. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे तर १४२५ मध्येच किल्ल्याची दुरुस्ती झाली. आणि दुरुस्ती करायची तर किल्ला त्याआधी असलाच पाहिजे. पण फिरिश्त्याचेही वजन करावे लागते. त्याने आपला ग्रंथ विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाला राहून सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिला. म्हणजे घटना आणि लेखन यांत सुमारे एकशेऐंशी वर्षांचे अंतर पडले. त्याच्यापुढे जुने ग्रंथ होते हे खरे, पण तो स्वतः साक्षीदार नव्हता. राहिली लोकांच्या तोंडची गोष्ट. तिला तारीख नाही, सांगणाऱ्याचे नाव नाही. म्हणून ती टाकून द्यावी असे नाही. या डोंगरात बहमनींच्या आधीही कोणाची तरी वस्ती होती, एवढी आठवण तिच्यात राहिली असेल. परंतु पुरावा म्हणून तिच्यावर भिंत उभी करता येत नाही.

एका किल्ल्याच्या निमित्ताने विद्यार्थी येथे तीन गोष्टी शिकतो. सांगणारा कोण आणि तो घटनेच्या किती जवळ होता, हे पाहावे. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच त्याच्याकडून घ्यावे. आणि एकाचे म्हणणे दुसऱ्या स्वतंत्र माणसाच्या म्हणण्याशी ताडून पाहावे.

चौथी गोष्ट अडगावची लढाई शिकविते. तेल्हारा तालुक्यातील या गावाजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. या लढाईविषयी वेलस्लीची स्वतःची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तो लिहितो की, मराठ्यांच्या तोफा सुरू होताच त्याच्या तीन पलटणी घाबरून मागे पळाल्या. आपण जवळ नसतो तर लढाई हातची गेली असती. एकाच श्वासात सांगितलेल्या या दोन गोष्टींचे वजन मात्र सारखे नाही. आपल्याच पलटणी पळाल्या, ही कबुली त्याला कमीपणा आणणारी आहे. असे खोटे कोणी उगाच सांगत नाही, म्हणून ती अधिक विश्वसनीय. ‘मी होतो म्हणून वाचलो’ ही मात्र स्वतःची प्रशंसा आहे. ती खरी असू शकते, पण दुसऱ्या साक्षीशिवाय जशीच्या तशी घेऊ नये. बोलणाऱ्याचा लाभ कशात आहे, हा प्रश्न दहावीच्या मुलाला या पत्रांवरून दहा मिनिटांत समजतो आणि मग तो जाहिरातीला, पुढाऱ्याच्या भाषणाला आणि मोबाईलवरील संदेशालाही लावता येतो.

ही रीत पाश्चात्त्यांनीच आपल्याला शिकविली, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. नवव्या शतकात इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम यांच्यासारख्या हदीसवेत्त्यांनी वचनांची छाननी करताना जी शिस्त पाळली, ती आजही थक्क करणारी आहे. वचन कितीही गोड असो, त्याची सनद तपासल्याखेरीज ते ग्रंथात घ्यायचे नाही. साखळीतील प्रत्येक माणूस कोण होता, सचोटीचा होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकल्याचे तो सांगतो त्याची आणि याची भेट शक्य होती काय, हे सारे पाहिले जाई. त्यासाठी ‘अस्मा-उर्-रिजाल’ हे स्वतंत्र चरित्रशास्त्रच निर्माण झाले. साखळीतील एखादा दुवा गळलेला आढळला तर अशा वचनाला ‘मुनकता’, म्हणजे खंडित, म्हणत आणि त्याचा दर्जा खाली येई. बातमी घेऊन येणारा भरवशाचा नसेल तर आधी तहकीक करा, नाही तर अजाणतेपणी लोकांना इजा होईल आणि मागाहून पस्तावाल, अशी ताकीद कुरआनात सूरह हुजुरातमध्ये आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

पुढे चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आणखी एक पाऊल टाकले. १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त तो म्हणतो की, सांगणारा थोर आहे एवढ्याने भागत नाही, सांगितलेली गोष्ट शक्य कोटीतील आहे काय, हेही पाहिले पाहिजे. हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाखांवर लढवय्ये होते, हा आकडा मसूदीसारख्या नामवंत इतिहासकाराने दिलेला होता. इब्न खल्दूनने तो तपासला. एवढे सैन्य एका रणांगणावर मावेल कसे? एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल कसे? हजरत याकूब ते हजरत मूसा एवढ्या थोड्या पिढ्यांत इतकी प्रजा वाढेल कशी? मोठ्या नावापुढे मान तुकवावी, पण आकड्यापुढे तुकवू नये, असा हा धडा आहे. ‘अमुक गावी हजारो लोक जमले’ असा संदेश आला की त्या गावचे मैदान केवढे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला यातूनच लागेल.

महाराष्ट्रात हीच परंपरा विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी रुजविली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला. नंतर लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या काळचे अस्सल पत्र श्रेष्ठ, हा आग्रह त्यांनी जन्मभर धरला आणि पत्रांसाठी गावोगाव पायपीट केली. आपल्या प्रांतापुरते बोलायचे तर यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून या भूमीची विखुरलेली साधने एकत्र आणली. चित्रांच्या बाबतीत वा. सी. बेंद्रे यांचे उदाहरण तर आजच्या काळासाठीच घडले असावे असे वाटते. इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून बराच काळ छापले जात होते. बेंद्र्यांनी जुन्या कागदपत्रांचा माग काढून १९३३ साली महाराजांचे विश्वसनीय चित्र लोकांपुढे आणले. आधीचे चित्रही चित्र म्हणून खोटे नव्हते. खोटे होते ते त्याखालचे नाव. मोबाईलवर फिरणाऱ्या कित्येक छायाचित्रांची स्थिती नेमकी हीच असते. छायाचित्र खरे, पण दुसऱ्या गावचे किंवा दुसऱ्या सालचे.

‘फॉरवर्ड’ या क्रियेकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने याच दृष्टीने पाहावे. संदेश पुढे सरकतो तेव्हा मजकूर जातो, पण सनद गळून पडते. मूळ लिहिणाऱ्याचे नाव जाते, तारीख जाते, स्थळ जाते. उरते ते फक्त आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव, ज्याने तो पाठविला. मामाने पाठविले म्हणून आपण विश्वास ठेवतो. पण मामा हा साखळीतील शेवटचा दुवा. पहिला दुवा कोण, हे मामालाही माहीत नाही. व्हॉट्सॲपवर अनेकदा पुढे गेलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण येते. पुष्कळांना ती लोकप्रियतेची पावती वाटते. वस्तुतः ती ‘मुनकता’ची खूण आहे, असे मी मुलांना सांगतो.

सनद नसलेल्या बातमीने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ती गरीब माणसे होती. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरून सावधगिरीचा संदेश देतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. उरलेला तुकडा कोणी रचलेला नव्हता. तो अर्धा होता, एवढेच. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे संदेश पाठविण्यास मर्यादा घातली. पण यंत्राची मर्यादा म्हणजे माणसाचा विवेक नव्हे.

आपल्या दोन शहरांचे दुःख तर ताजे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्रिपुरात हिंसाचार झाला. त्यातील काही बातम्या खऱ्या होत्या. पण त्यांच्याबरोबर इतर ठिकाणची आणि जुनी छायाचित्रेही त्रिपुराची म्हणून फिरली. १२ नोव्हेंबरला अमरावतीत निषेधाच्या मोर्चाच्या वेळी दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी बंदच्या वेळी पुन्हा हिंसा झाली. संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. १३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला, आणि तेथेही जमावबंदी व इंटरनेटबंदी आली. दोष कोणाचा किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. शिक्षकाला दिसते ते वेगळेच. अशा दिवसांत हातगाडीवाल्याची चूल विझते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहतो. आणि एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाने विचार न करता पुढे ढकललेला संदेश त्याला पोलीस ठाण्याच्या दारात नेऊन उभा करतो. पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य-पडताळणीत तोच कागद आडवा येतो. ज्या घरातून पहिलाच मुलगा महाविद्यालयात गेला, त्या घराला ही किंमत परवडणारी नाही.

मग शाळेने काय करावे? केरळात कन्नूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१७-१८ च्या सुमारास सुमारे दीडशे सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. त्या उपक्रमाला त्यांनी ‘सत्यमेव जयते’ असे नाव दिले. हे आपल्याही शाळांत अशक्य नाही. त्यासाठी वेगळा तास लागत नाही की संगणककक्ष लागत नाही. इतिहासाच्या तासाला गाविलगडासाठी जे प्रश्न विचारले, तेच मोबाईलवरील संदेशासाठी फळ्यावर लिहावेत. हे प्रथम कोणी सांगितले? केव्हा आणि कोठे? त्याला कसे कळले, स्वतः पाहिले की ऐकले? त्याचा लाभ कशात? आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणी हेच सांगितले आहे काय?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक बातमी-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी अशा पंचेचाळीस जणांना त्यांनी काही संकेतस्थळे पारखावयास दिली. विद्यार्थी तर फसलेच, पण अनेक इतिहासकारही फसले. कारण ते त्याच पानावर थांबून त्याची भाषा, मांडणी आणि बोधचिन्ह न्याहाळत बसले. तपासनीस मात्र ते पान जवळजवळ न वाचताच सोडून देत आणि त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधत. भांड्याला कल्हई चकचकीत आहे म्हणून भांडे चांगले ठरत नाही. त्याविषयी शेजारपाजारी विचारावे लागते, असाच हा प्रकार. आपल्या मुलांना हे सहज शिकविता येते. संदेशातील मुख्य शब्द गूगलवर टाकून दुसरे कोण काय सांगते ते पाहणे, छायाचित्र उलट शोधून ते याआधी कोठे प्रसिद्ध झाले ते पाहणे, जिल्हा प्रशासनाची किंवा पोलिसांची माहिती पाहणे, यास पाच मिनिटे पुरतात. यंत्राने रचलेली चित्रे आणि हुबेहूब आवाज आता निघू लागल्यापासून डोळ्यांवर आणि कानांवर विसंबणे तर अधिकच धोक्याचे झाले आहे. अशा वेळी सनदच उपयोगी पडते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. शंका घ्यायला शिकविताना मुलांना ‘सगळेच खोटे’ म्हणावयास शिकवू नये. गोवर-रुबेला लसीची मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा लसीविरुद्धच्या संदेशांमुळे काही वस्त्यांत पालक कचरले. त्या पालकांनी शंका घेतली नाही असे कसे म्हणावे? त्यांनी डॉक्टरांवर शंका घेतली आणि निनावी संदेशावर विश्वास ठेवला. तहकीक म्हणजे सर्वांवर अविश्वास नव्हे. ज्याची सनद पक्की त्यावर विश्वास ठेवण्याचे धैर्यही तिच्यात येते. बुखारींनी वचने नाकारली, तशी स्वीकारलीही.

आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांजवळ या कामासाठी एक देणगी आहे, जिची आपल्याला पुरेशी जाणीव नाही. त्यांना उर्दू येते आणि मराठीही येते. अफवा भाषेच्या गल्लीतून चालते. एका मोहल्ल्यात उर्दूतून एक गोष्ट फिरते, पलीकडच्या पुऱ्यात मराठीतून तिची उलटी बाजू फिरते, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांचे वाचत नाहीत. आपला विद्यार्थी दोन्ही वाचू शकतो. दोन्हीकडचे ताडून, पडताळून, ‘हे खरे, हे जुने, हे अर्धे, आणि याला आधार नाही’ असे आपल्या घरी आणि मराठी शाळेतल्या मित्राच्या घरीही सांगू शकतो. म्हणून संस्थेच्या प्रत्येक शाळेत एक ‘तहकीक फलक’ असावा, असे सुचवावेसे वाटते. आठवड्यातून एक बातमी मुलांनी निवडावी, पाच प्रश्नांनी तपासावी आणि निष्कर्ष मराठी व उर्दू दोन्ही भाषांत फलकावर लिहावा. निष्कर्ष निघत नसेल तर ‘पुरावा अपुरा आहे’ असे लिहावे; तेही उत्तरच आहे, आणि पुष्कळदा तेच सर्वांत प्रामाणिक असते.

नरनाळ्याच्या दरवाजावर ज्यांनी तो लेख कोरविला, त्यांनी आपले नाव आणि साल लिहून जबाबदारी घेतली. पाचशेहून अधिक वर्षांनंतरही आपण त्यांना विचारू शकतो आणि ते उत्तर देतात. आपण पुढे पाठवितो त्या प्रत्येक शब्दामागे असेच आपले नाव उभे करण्याची तयारी असेल, तरच तो पाठवावा. एवढे जरी आपली मुले शिकली, तरी इतिहासाचा तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.